भुकेशिवायचं जेवण

ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी मला पहिल्यांदा पाणी मिळालं. ३० मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीला मापाचं प्लास्टिकचं टोपण असतं, त्यात मावेल एवढं. तेही एका घोटात प्यायचं नव्हतं, चमचा चमचा करत पंधरा मिनिटं पुरवायचं होतं. पाच दिवस ओठ फक्त ओल्या कापसाने टिपले जात होते. त्या पाण्याला चव होती, असं मी आजही शपथेवर सांगेन. पहिला चमचा गिळला, तो छातीच्या मधोमध क्षणभर अडल्यासारखा झाला आणि मग उतरला.

त्याच सकाळी मला एक कडवट द्रव पाजून एक्स-रेच्या यंत्रासमोर उभं केलं होतं. पडद्यावर त्या द्रवाची रेघ घशातून निघाली आणि सरळ खाली गेली. कुठे साठली नाही, कुठे पसरली नाही. आतला जोड गळत नाही ना, हे बघायला ती तपासणी होती आणि डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून कळलं की सगळं ठीक आहे. मी मात्र त्या रेघेकडेच बघत राहिले. जिथे ती थांबायला हवी होती, ती जागाच आता माझ्यात नव्हती.

दुखणं फार मोठं आहे असं सुरुवातीला वाटलंच नव्हतं. वय ५३, चार-पाच महिने पोटाच्या वरच्या भागात जडपणा, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं व्हायचं. दम लागायला लागला म्हणून रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४. मग एंडोस्कोपी, बायोप्सी, सीटी स्कॅन. कॅन्सरची गाठ जठराच्या वरच्या भागात होती, त्यामुळे खालचा थोडा भागही ठेवता येणार नव्हता. आधी दर दोन आठवड्यांनी एक अशी केमोची चार आवर्तनं, मग संपूर्ण जठर काढायचं आणि त्यानंतर पुन्हा चार आवर्तनं, असा बेत ठरला.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. जठर काढल्यावर लहान आतडं वरच्या बाजूला एका ठिकाणी कापायचं, त्याचं खालचं टोक वर ओढून अन्ननलिकेला शिवायचं. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस घेऊन येणारा जो तुकडा उरतो, तो साधारण अर्धा मीटर खाली याच आतड्याला बाजूने जोडायचा, म्हणजे पित्त उलटं घशाशी येत नाही. इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार होतो. सेझार रू नावाच्या स्विस सर्जनच्या नावाने ही जोडणी ओळखली जाते. चित्र सोपं होतं, मला लगेच कळलं. त्या चित्रात न कळण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे त्यानंतर जेवायचं कसं.

मला वाटायचं की ऑपरेशन झालं की काही आठवडे पातळ खायचं, मग मऊ, आणि मग हळूहळू पूर्वीसारखं. बरं होणं म्हणजे पूर्वीच्या ताटाकडे परत जाणं, अशी माझी समजूत होती. माझीच काय, घरातल्या सगळ्यांची होती. ही समजूत मोडायला मला जवळजवळ वर्ष लागलं आणि जो त्रास झाला त्यातला बराचसा या समजुतीचा होता.

पोटाच्या डाव्या बाजूने एक बारीक नळी थेट लहान आतड्यात घातलेली होती. जेजुनोस्टॉमी, सगळे तिला जे-ट्यूब म्हणायचे. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासूनच त्यातून पोषणद्रव सुरू झाला, ताशी २० मिलिलिटरने. आतड्याला सवय होईल तसा वेग वाढवत नेला. घरी जाताना ती नळी तशीच ठेवून, पंप भाड्याने घेऊन गेलो. रात्री आठला सुरू करायचा, सकाळी सहाला बंद. ताशी ८० मिलिलिटर म्हणजे दहा तासांत ८००. द्रव घट्ट प्रकारचा होता, मिलिलिटरला दीड कॅलरीचा, त्यामुळे रात्रीत १२०० कॅलरी मी झोपेत मिळवत असे. झोपेत म्हणायचं इतकंच, कारण पाठीमागे उशांचा उतार करून, डोकं वर ठेवून झोपावं लागे आणि नळी वळली की पंप ओरडायचा. नवरा उठायचा, नळी सरळ करायचा, बटण दाबायचा, काही न बोलता परत झोपायचा. रात्रीतून तीन-तीनदा.

नळीचं एक सांगते, कारण ही चूक कुणीही करेल. रात्रीचा द्रव सुरू करण्याआधी आणि बंद केल्यावर सिरिंजने कोमट पाणी सोडून ती धुवायची असते. मी एकदा गोळी कुटून त्यातून घातली आणि नळी बुजली. अर्धा तास नवरा कोमट पाण्याची सिरिंज लावून हलक्या हाताने दाब देत, परत ओढत बसला होता. जोर लावायचा नाही, तार वगैरे तर अजिबातच घालायची नाही. शेवटी नळी मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून शक्य ती सगळी औषधं पातळ स्वरूपात करून घेतली. आधीच विचारायला हवं होतं.

मी घरी आले त्याच्या आदल्या दिवशी ताई येऊन स्वयंपाकघर ताब्यात घेऊन बसली होती. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे ताईच. मला खायला घालणं ही तिची लहानपणापासूनची पद्धत आहे. रागावली तरी खायला घालते, माफी मागायची असली तरी खायला घालते. माझ्या हाडांचा सापळा झालेला बघून तिने एकच ठरवलं होतं की हिला भरवायचं.

पहिल्या आठवड्यात एका सकाळी तिने मोठा ग्लासभर संत्र्याचा ताजा रस काढून दिला. ताकद येईल म्हणून. मला तहान लागली होती, रस छान लागला, मी पाच मिनिटांत संपवला. पंधरा मिनिटांनी छाती धडधडायला लागली. अंगाला दरदरून घाम, पोटात पिळवटून कळा, डोळ्यांपुढे अंधारी. ताईने मला धरून पलंगावर आडवं केलं. नंतर संडासात अर्धा तास गेला. ताई दाराबाहेर उभी राहून विचारत होती, "काय झालं गं? मी काय घातलं त्यात? ताजी होती गं संत्री!" तिचा रडका आवाज मला दाराआडून ऐकू येत होता आणि मला उत्तर द्यायचीही शक्ती नव्हती.

याला डम्पिंग सिंड्रोम म्हणतात. दवाखान्यात सांगितलं होतं, कागदही दिला होता. वाचलेलं आणि अंगावर आलेलं यात फार अंतर असतं. जठर असतं तेव्हा ते अन्न धरून ठेवतं, घुसळतं आणि त्याच्या खालच्या झडपेतून थोडं थोडं पुढे सोडतं. जठर गेलं की ती राखणही गेली. ग्लासभर साखरेचं पाणी एकदम लहान आतड्यात कोसळतं. ते इतकं दाट असतं की ते पातळ करायला आतडं रक्तातलं पाणी आपल्याकडे ओढून घेतं. आतडं फुगतं, रक्तातला द्रव कमी पडतो आणि हृदय धावायला लागतं. रस ताजा होता की बाटलीतला, याने काही फरक पडत नाही.

संध्याकाळी मी ताईला हे सगळं कागदावर चित्र काढून समजावलं, डॉक्टरांनी मला दाखवलं होतं तसंच. ती बराच वेळ चित्राकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे आता तुझ्यात भांडंच नाही. नुसती नळी." इतकं नेमकं मला कुणीच सांगितलं नव्हतं.

त्यानंतर आमचा दिवस घड्याळावर लागला. सकाळी सातला अर्धी वाटी, नऊला, अकराला, असं करत रात्री आठपर्यंत सात वेळा. अर्धी वाटी म्हणजे सुरुवातीला ८० ते १०० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आम्ही खरोखर मोजत होतो. आधी प्रथिनं खायची: मऊ शिजवलेलं अंडं, घट्ट दही, काटे काढून कुस्करलेला मासा, पनीर. मग जागा उरली तर भात किंवा बटाटा. आहारतज्ज्ञ मॅडमनी दिवसाला ७० ग्रॅम प्रथिनांचं लक्ष्य दिलं होतं. किलोमागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम असा त्यांचा हिशोब होता. एका अंड्यात सहा-सात ग्रॅम. म्हणजे ७० हा आकडा किती लांब आहे, ते बघा. दह्यात दुधाची पावडर, सूपमध्ये अंड्याचा पांढरा भाग, बटाट्यात चीज, असं प्रत्येक घासात काहीतरी लपवावं लागायचं. जे खाऊ ते वजनदार हवं, कारण आकार वाढवता येत नव्हता. पूर्वी मी ज्याला पौष्टिक म्हणायचे, म्हणजे कच्च्या कोशिंबिरी आणि मोड आलेली कडधान्यं, ते सगळं पहिले काही महिने बाजूला ठेवावं लागलं. भाजीपाला जागा अडवतो, बळ कमी देतो आणि नीट चावला गेला नाही तर अडकतो.

पाणी जेवणाबरोबर नाही. घास आणि पाणी यांत अर्ध्या तासाचं अंतर, पुढे आणि मागे. बरोबर प्यायलं तर अन्न वाहून खाली जातं आणि पुन्हा तीच धडधड. ऐकायला सोपं वाटतं. पण दिवसातून सात वेळा खायचं, प्रत्येक खाण्याला चावून चावून अर्धा तास लावायचा, त्याच्या आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास पाणी नाही, आणि उरलेल्या वेळात घोट घोट करत दीड लिटर पाणी पोटात घालायचं! पहिले तीन महिने मी दुसरं काहीही केलं नाही. माणसं विचारायची, "आराम चाललाय ना?" आराम कुठला, इतकं कष्टाचं काम मी नोकरीतही केलं नव्हतं.

आणि हे सगळं भूक नसताना.

याबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे, कारण याची तयारी मला कुणी करून दिली नव्हती. जखमेची दिली होती, केस जाण्याची दिली होती, उलट्यांची दिली होती. भूक नाहीशी होईल, हे कुणी बोललं नव्हतं. आजारी माणसाची भूक मंदावते, तोंडाची चव जाते, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. हे तसं नव्हतं. रात्रीचा पंप बंद असला आणि सकाळी दहापर्यंत काही खाल्लं नाही तरी मला काहीच वाटायचं नाही. पोटात कावळे ओरडतात म्हणतात ना, ते कावळे उडून गेले होते. अन्नाचा वास आवडायचा, चव कळायची, पण आतून कुणी "दे" म्हणत नव्हतं.

कारण पुढे कळलं. घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक आहे. १९९९ साली जपानी संशोधकांनी ते उंदराच्या जठरात शोधलं. जेवणाची वेळ झाली की ते रक्तात वाढतं आणि मेंदूला भुकेची वर्दी देतं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं. तो भाग गेला की वर्दी देणारा गेला. माझं मन खचलंय म्हणून मला जेवावंसं वाटत नाही, असं नव्हतं. हे समजलं त्या दिवशी मी मोकळेपणाने रडले. मला वाटत होतं की मी मनातून हार मानली आहे आणि घरच्यांपासून ते लपवते आहे.

ताईला मात्र "भूक नाही" हे शब्द सहन व्हायचे नाहीत. आमच्या घरात "भूक नाही" म्हणजे रुसवा, नाहीतर काळजी. ती वाटी घेऊन समोर बसायची. "अजून दोन चमचे. माझ्यासाठी." दोन चमचे मी तिच्यासाठी खायचे आणि पुढचा तास छातीत दगड ठेवल्यासारखं व्हायचं. एकदा मी सगळं ओकून टाकलं आणि तिच्यावर ओरडले. "तुला मला बरं करायचंय की स्वतःचं समाधान करायचंय?" असं बोलून गेले. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. वाटी ठेवायची आणि आत जायची.

तिसऱ्या दिवशी मी तिला तपासणीला बरोबर नेलं. आहारतज्ज्ञ मॅडमनी माझ्याशी कमी आणि तिच्याशी जास्त बोलणं केलं. त्यांनी तिला एक काम नेमून दिलं: वाटी वेळेवर समोर ठेवायची, अर्ध्या तासाने उचलायची, किती उरलं ते वहीत लिहायचं आणि मला एक शब्द विचारायचा नाही. वही ताईच्या अक्षरात आहे. "९ वा. दही ९०, संपवलं. ११ वा. अंडं १, अर्धं उरलं. १ वा. मासा ६०, भात ३०, संपवलं, नंतर झोपली." पुढे औषधं बदलली, वजन खाली-वर झालं, प्रत्येक वेळी डॉक्टरांनी आधी ती वही मागितली. मला विचारलं असतं तर मी "बरं खाते" एवढंच सांगितलं असतं.

नवव्या आठवड्यात भात अडकायला लागला. छातीच्या मध्यावर येऊन थांबायचा, तोंडात फेसाळ लाळ यायची आणि शेवटी तो उलटून यायचा. मी ठरवून टाकलं की आपण नीट चावत नाही. तीस वेळा चावत होते, ते चाळीस केलं. मग भात सोडला, बटाटा सोडला, सूपवर आले. दहा दिवस हे मी नवऱ्यालाही नीट सांगितलं नाही. एका सकाळी पाणीसुद्धा उतरेना, तेव्हा दवाखान्यात गेलो. जोडाच्या जागी व्रण आकसून वाट अरुंद झाली होती. एंडोस्कोपीतून फुगा घालून ती रुंद केली, दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. संध्याकाळी मी मऊ भाताचे चार चमचे खाल्ले आणि ते उतरले. असं आकसणं या ऑपरेशननंतर होतं, त्यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. मी जे दहा दिवस घालवले त्यात माझं दोन किलो वजन गेलं. ज्यांच्या घरी असं ऑपरेशन झालंय त्यांनी हे लक्षात ठेवावं: घास उतरताना अडायला लागला आणि ते दिवसेंदिवस वाढत गेलं, तर चावण्याला दोष देत बसू नका, कळवा.

नंतरची केमो या सगळ्याच्या मध्ये सुरू झाली. त्यातल्या एका औषधाने, ऑक्सॅलिप्लॅटिनने, गारवा सहन होईनासा होतो. ऑपरेशनआधीच्या आवर्तनांतही ते होतंच, पण तेव्हा मी कोमट पाणी ग्लासाने पीत होते. आता तेच घोटाघोटाने. फ्रिजचं दार उघडलं तरी बोटांना सुया टोचायच्या आणि चुकून गार दही खाल्लं की घसा आवळल्यासारखा व्हायचा. ताई प्रत्येक वाटी तासभर आधी बाहेर काढून ठेवायची. चारपैकी तीन आवर्तनं झाली. चौथ्याच्या वेळी वजन इतकं उतरलं होतं की डॉक्टरांनीच थांबवलं. मला ते अपयश वाटलं होतं. त्यांनी समजावलं की जठर काढल्यानंतरची सगळी आवर्तनं पुरी करणं अनेकांना जमत नाही.

वजनाचं सांगते. आजारापूर्वी ६२ किलो, ऑपरेशनच्या दिवशी ५८, पाच महिन्यांनी ४८.६. मी रोज सकाळी काट्यावर उभी राहायचे आणि तो आकडा दिवसभर माझ्या डोक्यावर बसायचा. प्रत्येक शंभर ग्रॅमला मला वाटायचं की आजार परत आला. मॅडमनी रोजचं वजन बंद करायला लावलं. आठवड्यातून एकदा, एकाच दिवशी, एकाच वेळी. बाकी दिवस खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठता येतं ते मोजायचं. पहिल्या दिवशी तीनदा उठले. संपूर्ण जठर काढल्यावर पहिल्या सहा महिन्यांत दहा-पंधरा टक्के वजन जाणं नेहमीचं असतं, पण त्यात स्नायू किती आणि चरबी किती जाते हे काटा सांगत नाही. स्नायू राखायला प्रथिनं आणि हालचाल दोन्ही लागतात. दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटं चालायचं, हे मी मग औषधासारखं केलं. सहाव्या महिन्यात जे-ट्यूब काढली. पाच सेकंद लागले. पंप परत द्यायला नवरा स्वतः गेला आणि त्या रात्री सलग आठ तास झोपला.

खाणं वाढत होतं तरी वजन वाढेना, याचं आणखी एक कारण निघालं. ते सांगायला संकोच वाटायचा, म्हणून उशीर झाला. शौचाला फिकट, तेलकट, तरंगणारं आणि फार घाण वासाचं व्हायचं. मी ते डम्पिंगच्या खात्यात टाकत होते. डॉक्टरांनी ताईची वही बघून विचारलं, "एवढं तूप-चीज जातंय कुठे?" मग मी सांगितलं. नव्या जोडणीत अन्न एका वाटेने येतं आणि स्वादुपिंडाचा रस दुसऱ्या वाटेने, दोघांची गाठ उशिरा पडते, त्यामुळे चरबी पचायची राहते. त्यासाठी स्वादुपिंडाच्या पाचक रसांच्या कॅप्सूल असतात. त्या खाण्याबरोबरच घ्यायच्या, काही सुरुवातीला आणि काही मध्ये; खाऊन झाल्यावर घेऊन उपयोग नाही. तीन आठवड्यांत फरक दिसला. काटा पहिल्यांदा वर सरकला, ४०० ग्रॅम.

साधारण आठव्या महिन्यात मी एकटी बाहेर पडायला लागले. एकदा घाईत ब्रेडला जाम लावून खाल्लं, वर गोड चहा प्यायले आणि निघाले. निघताना काही झालं नाही, मला वाटलं पचलं. दोन तासांनी रस्त्यात हात थरथरायला लागले, शब्द सुचेनात, एका अनोळखी बाईंनी मला धरून बसवलं. घरी मुलाने साखर मोजली तर ४८. हे डम्पिंगचं दुसरं, उशिरा येणारं रूप. साखर एकदम रक्तात गेली की इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि एक ते तीन तासांनी रक्तातली साखर खाली कोसळते. म्हणजे गोड खाल्ल्यामुळेच साखर उतरते. तेव्हापासून पिशवीत ग्लुकोजच्या गोळ्या आणि बरोबर चीजचा तुकडा असतो; आधी गोळीने सावरायचं, मग चीज, नाहीतर तोच झोका पुन्हा येतो. गोड मी सोडलेलं नाही. प्रथिनं खाऊन झाल्यावर शेवटी एक चमचा चालतो. रिकाम्या पोटी नाही.

आणि बी-१२. जठरात एक प्रथिन तयार होतं, ते या जीवनसत्त्वाला धरून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत नेतं, तेव्हाच ते नीट शोषलं जातं. जठर नाही म्हणजे ते प्रथिन नाही. यकृतात जुना साठा असतो, तो दोन-चार वर्षं पुरतो आणि तोच घात करतो, कारण सुरुवातीला काहीच होत नाही आणि माणूस इंजेक्शन टाळत जातो. मग हातापायांना मुंग्या येतात, रक्त उतरतं, नसांचं जे नुकसान होतं ते कधीकधी भरून येत नाही. मला दर महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन आहे, आयुष्यभर. शिवाय लोह, ड जीवनसत्त्व, आणि कॅल्शियम सायट्रेट, कारण कॅल्शियमचा दुसरा नेहमीचा प्रकार विरघळायला आम्ल लागतं आणि ते आता तयार होत नाही.

१८९७ साली झुरिकमध्ये कार्ल श्लाटर नावाच्या सर्जनने एका ५६ वर्षांच्या बाईंचं संपूर्ण जठर काढलं. ऑपरेशननंतर त्या वर्षाहून अधिक जगल्या. मी त्यांचा फार विचार करते. बी-१२ हे जीवनसत्त्व वेगळं काढलं गेलं ते १९४८ मध्ये. त्या बाईंजवळ इंजेक्शन नव्हतं, पंप नव्हता, पाचक कॅप्सूल नव्हती. भूक लागत नाही याचं कारण सांगणारंही कुणी नव्हतं. तरी कुणीतरी त्यांना भरवलं असणार. त्यांच्यासमोर वाटी घेऊन कोण बसत असेल?

आता दोन वर्षं होत आली. वजन ५१ च्या आसपास थांबलं आहे आणि डॉक्टर म्हणतात की हेच आता माझं वजन. ६२ ची वाट बघणं मी सोडलं. सात वेळचं खाणं सहा वेळांवर आलंय, वाटी दीडशे-दोनशे ग्रॅमची झाली आहे. कच्च्या भाज्या थोड्या थोड्या परत आल्या. रात्री आठनंतर काही घेत नाही, उशांचा उतार अजून आहे. भूक परत आलेली नाही. तिच्या जागी काही खुणा ओळखायला शिकले: मन चिडचिडं होतं, हात गार पडतात, ओळ वाचताना दोनदा वाचावी लागते. ती माझी वेळ. बहुतेकदा घड्याळही तेच सांगत असतं.

ताई गेल्या महिन्यात आठ दिवस राहायला आली होती. पहिल्याच दुपारी तिने स्वयंपाक केला, पानं वाढली. माझ्यासमोर छोटी वाटी ठेवली, आधी मासा, बाजूला चमचाभर भात. पाण्याचा ग्लास उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. मी अर्धं संपवलं आणि चमचा खाली ठेवला. तिने वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वाटीवर झाकण ठेवलं.

"परत कधी?" तिने विचारलं.

"दोन तासांनी."

"बरं," म्हणाली आणि स्वतःचं ताट पुढे ओढून जेवायला बसली.